लंगोटातला रंग, कागदावरचा आकडा

आज मार्चचा दुसरा गुरुवार, जागतिक मूत्रपिंड दिन. २००६ पासून तो पाळला जातो आणि आता आपल्याकडेही चांगलाच रुळला आहे. सकाळी फेऱ्या निघाल्या असतील, रुग्णालयांच्या दारात रक्तदाब आणि साखर मोफत तपासणारी टेबले लागली असतील. मीठ कमी करा, वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, हे सांगायलाच हवे. पण या प्रचाराच्या डोळ्यांसमोर जो रुग्ण असतो तो बहुधा पन्नाशी ओलांडलेला, मधुमेही. २०१६ साली हा दिवस खास मुलांच्या मूत्रपिंडविकारांना वाहिलेला होता; पुढे तो विषय पुन्हा मागच्या बाकावर गेला. १९ एप्रिलला यकृत दिन येतो, तेव्हा दारू आणि फॅटी लिव्हर यांवर लेख येतात. या दोन दिवसांच्या मध्ये एक लहान मूल राहून जाते. यकृत निकामी होत चाललेले, पोट पाण्याने फुगलेले आणि लघवी रोज थोडी थोडी कमी होत जाणारे. आजचा अग्रलेख त्याच्यासाठी आहे.

या मुलाची सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की त्याचे मूत्रपिंड मुळात धडधाकट असते. वैद्यकाला हे फार पूर्वी जाणवले होते. न्यूयॉर्कचे डॉक्टर ऑस्टिन फ्लिंट यांनी १८६३ मध्ये लिहून ठेवले, की यकृत सुकून जलोदर झालेल्या आणि लघवी आटलेल्या रुग्णांचे शवविच्छेदन केले तर मूत्रपिंडात म्हणावा असा बिघाड सापडत नाही. शंभर वर्षांनी त्याचा पुरावा मिळाला. १९६९ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी या अवस्थेत दगावलेल्यांची मूत्रपिंडे काढून इतर रुग्णांना बसवली आणि ती तिथे काम करू लागली. पुढच्याच वर्षी मरे एपस्टाइन यांच्या गटाने मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांची चित्रे प्रसिद्ध केली. रुग्ण जिवंत असताना त्या वाहिन्या आखडून दोऱ्यासारख्या झालेल्या दिसत होत्या. मृत्यूनंतर पुन्हा चित्र घेतले, तेव्हा त्याच वाहिन्या पार टोकापर्यंत भरल्या. १९७३ मध्ये डेन्व्हरच्या शल्यचिकित्सकांनी उलट बाजूनेही ते दाखवून दिले: यकृत बदलले, तर रुग्णाचे स्वतःचे मूत्रपिंड पुन्हा चालू लागते.

असे का होते? यकृत कडक झाले की आतड्यांकडून त्याच्यात येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. दाब वाढतो, आतड्यांभोवतीच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त तिथेच साचून राहते. शरीराला वाटते रक्त कमी पडले. मग ते मीठ आणि पाणी धरून ठेवणारी, वाहिन्या आवळणारी संप्रेरके सोडते, आणि त्या आवळण्याचा सर्वाधिक मार मूत्रपिंडाला बसतो. कालव्याच्या वरच्या अंगाला सगळी दारे उघडी टाकली की शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही. त्याची जमीन चांगली असली तरी पीक वाळते. इथे शेवटच्या टोकाला मूत्रपिंड आहे. मुलाच्या पोटात लिटरभर पाणी साचलेले असते आणि मूत्रपिंड मात्र तहानलेले.

अर्थात प्रत्येक वेळी गोष्ट एवढी एकेरी नसते. आजारी मुलाला जुलाब होतात, उलट्या होतात, पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग होतो, पित्तातले घटक रक्तात साचून मूत्रपिंडाच्या नलिकांना त्रास देतात. लहान मुलांत तर शुद्ध स्वरूपातल्या या अवस्थेपेक्षा पाणी कमी पडणे आणि जंतुसंसर्ग हीच कारणे अधिक आढळतात. आणि रक्ताची टंचाई लांबली, की धडधाकट मूत्रपिंडाच्याही पेशी मरू लागतात. म्हणजे वाचवता येण्याची मुदत असते आणि ती संपतेही. आमचे म्हणणे एवढेच, की ही मुदत आपल्या मुलांच्या बाबतीत बहुतेकदा कोणाचे लक्ष नसल्याने संपते. वैद्यकाचे ज्ञान अपुरे पडले म्हणून ती संपल्याची उदाहरणे त्या मानाने थोडी आहेत.

लक्ष द्यायचे ते पहिल्यांदा मूत्रपिंडाकडे नव्हे, बाळाच्या लंगोटाकडे. तान्ह्या मुलांचे यकृत कायमचे निकामी करणाऱ्या आजारांत अग्रभागी आहे तो पित्तनलिका बुजण्याचा, बिलियरी अट्रेझियाचा. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत यकृताबाहेरच्या पित्तवाहिन्या बंद होत जातात. पित्त आतड्यात उतरत नाही, यकृतातच तुंबते आणि काही महिन्यांत त्या कोवळ्या अवयवाची गत वर्षानुवर्षे दारू प्यायलेल्या माणसाच्या यकृतासारखी होते. बाळ मात्र सुरुवातीला छान दिसते. दूध पिते, वजन घेते, हसते. डोळे पिवळट असतात, पण नवजात बाळाला कावीळ होतेच, हे घराघरांत माहीत आहे. आजी म्हणते, ‘कोवळं ऊन दाखवा, उतरेल.’ बहुतेक बाळांची खरेच उतरते. म्हणूनच ज्याची उतरत नाही, ते बाळ त्या गर्दीत लपून जाते.

त्याला ओळखण्याची खूण अगदी साधी आहे. निरोगी तान्ह्या बाळाची शी पिवळीजर्द, मोहरीसारखी, कधी हिरवट असते. हा रंग पित्ताचा. पित्त उतरलेच नाही तर शी फिकी पडते: आधी मळकट पिवळी, मग राखाडी, शेवटी पांढऱ्या मातीसारखी. आणि लघवी, जी या वयात पाण्यासारखी असायला हवी, ती दुपट्यावर गडद पिवळा डाग ठेवते. आई हे रोज पाहते. धुताना तिच्या हाताखालून जाते. त्याचा अर्थ तिला कोणी सांगितलेला नसतो, एवढेच.

ज्यांनी सांगितले त्यांना फळ मिळाले. जपानमधील सेंदाईचे डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये या आजारावरची शस्त्रक्रिया जगासमोर आणली. बुजलेल्या नलिका काढून आतड्याचे एक वेटोळे थेट यकृताच्या मुखाशी जोडायचे, म्हणजे पित्ताला वाट मिळते. शस्त्रक्रिया तीच, पण बाळ साठ दिवसांच्या आतले असेल तर यशाची शक्यता पुष्कळ चांगली. पुढे प्रत्येक आठवडा ती कमी करतो. तैवानने २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांचे एक छापील पत्रक घातले. आईने लंगोट पत्रकाशेजारी धरायचा, रंग जुळवायचा, फिका निघाला तर दूरध्वनी करायचा. या पत्रकाआधीच्या आणि नंतरच्या बाळांची तुलना तिथल्या डॉक्टरांनी केली. पाच वर्षे आपल्या स्वतःच्या यकृतावर जगणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर गेलेले आढळले. नवे औषध आले नव्हते की नवे यंत्र. छपाईच्या शाईचा खर्च, आणि आईवर टाकलेला विश्वास.

आपल्याकडे असे पत्रक कोण वापरेल, ही शंका महाराष्ट्रात तरी कोणी काढू नये. नवजात बाळाची काळजी घरीच, गावातल्याच बाईच्या हातून घेता येते, हे जगाला गडचिरोलीने शिकवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा तो प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये त्यावर बेतलेला कार्यक्रम देशभर सुरू झाला. आज रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. हे दिवस पुन्हा वाचावेत. चौदा दिवसांनंतर टिकलेली कावीळ तपासलीच पाहिजे, हा बालरोगशास्त्राचा नियम. आणि साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया हवी, ही कासाईंच्या पद्धतीची अट. या दोहोंच्या मधल्या काळात सरकारची कार्यकर्ती चार वेळा त्या उंबऱ्यावर उभी असते. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते, नाळ पाहते. लंगोट उघडून पाहायला आणखी अर्धे मिनिट लागेल. शंका आली तर करायची तपासणीही साध्या प्रयोगशाळेत होते: बिलिरुबिन एकूण किती आणि त्यातले ‘डायरेक्ट’ किती. डायरेक्ट वाढलेले असेल तर ते बाळ उन्हात ठेवून बरे होणारे नाही, त्याला त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात पाठवायचे.

प्रत्यक्षात काय होते? अनेक बाळे तिथे पोचतात तेव्हा तीन महिन्यांची झालेली असतात. मधला काळ कोवळ्या उन्हात, ग्राइप वॉटरमध्ये, कावीळ उतरवणाऱ्याकडे हात धुण्यात गेलेला असतो. मेळघाटासारख्या भागात फुगलेल्या पोटावर तापल्या लोखंडाचा डंबा दिला जातो, अशा बातम्या अजून येतात. त्या आईबापांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ‘नवजात बाळाला होतेच कावीळ’ असे सांगून डायरेक्ट बिलिरुबिन न पाहता परत पाठवणारे दवाखाने शहरांतही आहेत, आणि त्यांच्याकडे अज्ञानाची सबब नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधून झाली. फाटलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयाचे छिद्र, जन्मजात मोतीबिंदू अशा जन्मदोषांची यादी त्यात आहे आणि तिचा हजारो मुलांना उपयोग झाला. बुजलेल्या पित्तनलिकेला त्या यादीत जागा द्यावी आणि प्रत्येक माता-बाल संरक्षण कार्डावर शीचे रंग ठळक छापून ते आशाताईने प्रत्येक आईला दाखवावेत, ही आमची आजच्या दिवसाची पहिली मागणी.

दुसरी मागणी कागदावरच्या आकड्याबद्दल. ज्यांची वेळ टळली, किंवा शस्त्रक्रियेनंतरही ज्यांचे यकृत सुकत गेले, अशा मुलांसाठी ती आहे. सव्वा वर्षाचे एक मूल कल्पनेत आणा. हातपाय काड्यांसारखे, पोटावर निळ्या शिरा, उंची वयाच्या मानाने कमी, समजा ७० सेंटिमीटर. त्याच्या रक्तातले क्रिएटिनिन तपासले आणि ०.७ आले. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर शेजारी मर्यादा लिहिलेली असते: ०.६ ते १.२. आकडा मर्यादेत. ना जाड ठसा, ना तारांकित खूण. कागद फायलीत जातो. पण ती मर्यादा प्रौढांची आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि या मुलाच्या अंगावर स्नायूच नाहीत. पंधरा दिवसांपूर्वी त्याचा आकडा ०.३ होता. मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या श्वार्ट्झ यांच्या सूत्रात उंची आणि हे दोन आकडे घातले, तर गाळण्याची क्षमता ९६ वरून ४१ वर उतरलेली दिसते. पंधरा दिवसांत अर्ध्याहून अधिक काम थांबले, आणि कागद म्हणतो सगळे ठीक. त्यातही कावीळ फार असेल तर क्रिएटिनिन मोजण्याची जुनी, स्वस्त पद्धत आकडा आणखी कमी दाखवते. म्हणजे खरी स्थिती याहूनही वाईट असू शकते. सिस्टॅटिन सी ही तपासणी स्नायूंवर एवढी अवलंबून नाही, पण ती महाग आहे आणि तालुक्याच्या गावी होत नाही.

म्हणून जाणते बालयकृततज्ज्ञ सुट्या आकड्यावर विसंबत नाहीत, मागच्या आकड्याशी ताडून पाहतात. दीडपट वाढ झाली, की आकडा कितीही लहान असो, मूत्रपिंडाला इजा झाली असे धरायचे, हा आंतरराष्ट्रीय निकष २०१२ पासून रूढ आहे. आणि आकड्याच्याही आधी लघवी बोलते. चांगल्या वॉर्डात परिचारिका बाळाचे ओले डायपर काट्यावर ठेवते, कोऱ्याचे वजन वजा करते. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. सात किलोच्या बाळाने तासाला निदान सात मिलिलिटर, दिवसभरात १७० च्या आसपास लघवी केली पाहिजे. सकाळी त्याच वेळेला वजन, बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर, डायपरची बेरीज. हे तीन आकडे एका वहीत रोज लिहिणारी परिचारिका त्या मुलाचे मूत्रपिंड ज्या तत्परतेने राखते, ती कोणत्याही यंत्रापाशी नाही. प्रश्न आहे तो अशा परिचारिका एका पाळीत किती आणि त्यांच्या वाट्याला मुले किती, याचा.

घरी गेलेल्या मुलाला जपणे त्याहून अवघड. त्याला ताप येतो. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिडचे सिरप येते, जे निरोगी मुलाला सहसा बाधत नाही. या मुलाच्या मूत्रपिंडाकडचा उरलासुरला रक्तपुरवठा ज्या रसायनांवर तगलेला असतो, नेमकी तीच ही औषधे बंद करतात. पोट फुगले म्हणून लघवीच्या औषधाचा डोस कोणी तरी वाढवून देते. सूज उतरते, घरचे खूश होतात आणि मूत्रपिंड कोरडे पडते. अमिकासिन, जेंटामायसिन ही इंजेक्शनेही तशीच, उपयोगी पण या मुलांत घातक ठरू शकणारी. काविळीवर दिली जाणारी नाव नसलेली मुळी किंवा पूड, जिच्यात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसते, ती तर सर्वस्वी टाळायची. रुग्णालयातून सुट्टी देताना ‘ही औषधे देऊ नयेत’ अशी मराठीत लिहिलेली एक चिठ्ठी फायलीच्या पहिल्या पानावर चिकटवली, तर ती गावच्या डॉक्टरलाही दिसेल. आज डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते आणि ते बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात जाते.

वेळीच कळले तर करण्यासारखे पुष्कळ आहे. लघवीची औषधे थांबवायची, शिरेतून अल्ब्युमिन द्यायचे, पोटातले थोडे पाणी सुईने काढून त्यात संसर्ग आहे का ते पाहायचे. प्रौढ रुग्णांवर १९९९ मध्ये झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासाने दाखवले, की पोटातल्या पाण्याच्या संसर्गात प्रतिजैविकाबरोबर अल्ब्युमिन दिले तर मूत्रपिंड बिघडण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येते. त्याने भागले नाही तर टर्लिप्रेसिन, सैलावलेल्या वाहिन्यांना आवळणारे औषध; आणि त्यानेही नाही तर डायलिसिस, पण तो फक्त नवे यकृत मिळेपर्यंतचा टेकू. शेवटचा इलाज प्रत्यारोपण हाच.

प्रत्यारोपणाचा इतिहासच या मुलांपासून सुरू होतो. १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचे पहिले यकृत प्रत्यारोपण केले ते बुजलेल्या पित्तनलिकेच्या तीन वर्षांच्या मुलावर. तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेला. भारतात नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत यशस्वी झालेले पहिले बाल-प्रत्यारोपणही याच आजारासाठी होते. कांचीपुरमच्या त्या वीस महिन्यांच्या मुलाला वडिलांनी यकृताचा तुकडा दिला, आणि तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. तरीही आजारी मुलांच्या मूत्रपिंडाला रांगेत मोजायला जगाला उशीर लागला. अमेरिकेत यकृताच्या प्रतीक्षायादीत बारा वर्षांखालील मुलांचा क्रम ठरवणाऱ्या सूत्रात २००२ पासून बिलिरुबिन होते, अल्ब्युमिन होते, खुंटलेली वाढ होती, क्रिएटिनिन नव्हते. प्रौढांच्या सूत्रात ते पहिल्यापासून होते. मुलांच्या सूत्रात ते आले जुलै २०२३ मध्ये. दोन दशके यकृताबरोबर मूत्रपिंडही हरवत चाललेले मूल आणि फक्त यकृताचे आजारी मूल कागदावर सारखेच दिसत होते.

आपल्याकडे सूत्रापेक्षा पैसा आणि दाता हे प्रश्न मोठे. तान्ह्या बाळाला प्रौढाच्या यकृताचा छोटा डावा तुकडा पुरतो आणि तो बहुधा आई देते. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबांनाही कायद्याने जवळचे नातेवाईक मानले, हे चांगले झाले. पण खर्च लाखांत, आणि तो उभा करायला सिद्धिविनायकापासून मुख्यमंत्री सहायता निधीपर्यंत दारे ठोठावण्यात आठवडे जातात. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा राखीव आहेत, हे बहुतेक पालकांना तिथे गेल्यावरच, तेही दुसऱ्या पालकाकडून कळते. मूत्रपिंड वाचवता येण्याची ती मुदत इथेच, अर्जांच्या रांगेत संपते. म्हणून आमची दुसरी मागणी ही: ज्या मुलाचे क्रिएटिनिन दीडपट झाले आहे, त्याच्या मदतीच्या अर्जाला वेगळी खूण करून तो अठ्ठेचाळीस तासांत निकाली काढण्याची व्यवस्था सरकारने करावी. वैद्यकीय तातडीचा एवढा स्पष्ट, मोजता येणारा पुरावा दुसऱ्या फार थोड्या अर्जांपाशी असेल.

आणि यकृत बदलले म्हणजे मूत्रपिंडाची गोष्ट संपली असेही नाही. नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस घ्यावे लागते. ते जीव वाचवते आणि मूत्रपिंडाच्या वाहिन्या आवळते. साठीच्या माणसाला ते वीस वर्षे घ्यावे लागेल, दोन वर्षांच्या मुलाला साठ किंवा सत्तर. म्हणून त्याच्या रक्तातली पातळी शक्य तितकी खाली ठेवणे, दरवर्षी रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन तपासणे, ही कामे आयुष्यभराची आहेत. भारतात लहानपणी प्रत्यारोपण झालेल्या मुलांची पहिली पिढी आता कॉलेजात आणि नोकरीत आहे. बालरोग विभागातून ती बाहेर पडली, की तिची फाइल कोणाकडे जाते, हे बहुतेक ठिकाणी ठरलेले नाही. प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राने अठराव्या वर्षी त्या मुलाला नावानिशी एका यकृततज्ज्ञाच्या आणि एका मूत्रपिंडतज्ज्ञाच्या हवाली करावे, आणि जुन्या क्रिएटिनिनच्या आकड्यांचा तक्ता त्याच्या हातात द्यावा. तोवर ज्या पालकांची मुले पुढच्या तपासणीला जाणार आहेत, त्यांनी हा तक्ता मागून घ्यावा.